देणे आणि दान

मराठीतले 'लागणे' हे क्रियापद मोठे गमतीचे आहे. लग्नाच्या मांडवात एखादी अनोळखी म्हातारी जवळ सरकते आणि विचारते, "तुम्ही मुलीचे कोण लागता?" दुसऱ्या दिवशी त्याच मांडवाचा हिशेब घेऊन आलेला माणूस सांगतो, "तुम्ही अजून पंचवीस रुपये देणे लागता." एकीने नाते विचारले, दुसऱ्याने थकबाकी सांगितली, शब्द मात्र दोघांचा एकच. ज्याचे आपण कोणी लागतो त्याचे काही देणेही लागतो, असा काहीसा समज ही भाषा घडवणाऱ्या माणसांच्या मनात असला पाहिजे. नात्यावाचून देणे नाही आणि देण्यावाचून नाते नाही.

या शब्दाचा विचार मी करू लागलो तो लढाऊ जहाजांमुळे, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. पण माझे बालपण कारवारला गेले, आणि कारवारच्या मुलांना जहाजांवाचून विचार करताच येत नसे.

ते कारवार साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचे. उत्तरेला काळी नदीचे मुख आणि पलीकडे सदाशिवगडाची टेकडी. दक्षिणेला बैतकोलचे बंदर. मधे लांबच लांब पुळण आणि तिच्या कडेने सुरूची झाडे. समोर समुद्रात बेटे. एक कूर्मगड, जिथे पौषी पौर्णिमेला नरसिंहाच्या जत्रेसाठी होडीतून जायचे. दुसरे देवगडाचे बेट, ज्याच्या माथ्यावर १८६४ सालापासून दिवा फिरतो आहे. आणि दक्षिणेला डोंगराच्या आड अंजदीव, जे दिसे थोडे आणि ज्याविषयी ऐकू येई फार, कारण तिथे पोर्तुगीजांचे निशाण होते. आमचा जिल्हा १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. घरात कोकणी, शाळेत मराठी आणि कचेरीत कानडी अशा तीन पाण्यांत आम्ही मुले एकाच वेळी पोहत होतो, आणि त्यात काही विशेष आहे असे कोणालाच वाटत नव्हते.

वर्षातून केव्हातरी एखाद्या सकाळी नौदलाचे जहाज येऊन उभे राहिलेले असे. पुळणीवर रापण ओढायला उतरलेले खारवी ते प्रथम पाहत आणि त्यांच्याकडून बातमी गावात येई. मोठे जहाज धक्क्याला लागत नसे. दूर खोल पाण्यात नांगर टाकून राही. राखाडी रंगाचे, धुक्यातून नीट वेगळे न झालेले ते धूड पाहिले की छातीत काहीतरी हले. दुपारी त्याच्या पोटातून एक छोटी बोट निघे आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले खलाशी धक्क्यावर उतरत. ते शहाळी पीत, केळ्यांचे घड विकत घेत, संध्याकाळी ओल्या वाळूवर गावातल्या पोरांशी फुटबॉल खेळत. रात्री जहाजावर दिवे लागत आणि मधूनच त्याचा मोठा झोत सुरूच्या झाडांवरून फिरून जाई. तो आपल्या अंगावरून गेला तर ती रात्र सार्थकी लागली असे आम्ही समजत असू. त्या जहाजाला तोफा होत्या हे आम्हांला ठाऊक होते; किंबहुना त्या मोजणे हाच आमचा खेळ होता. पण तोफ कशासाठी असते हा विचार त्या मोजणीत नसे. बालपणाचे कौतुक निर्मळ असते म्हणतात, त्याचे एक कारण असे, की त्याला किंमत ठाऊक नसते.

बाजारात आमच्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. जहाज आले की चार दुकानांत भाव चढत. बाबांच्या दुकानात चढत नसत. त्यात मोठे तत्त्व होते असे नाही. एकाच वस्तूचे दोन भाव तोंडपाठ ठेवण्याचा त्यांना कंटाळा होता, असे ते स्वतःच सांगत.

१९६१ साली दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली असता एक जहाज आले. त्यावरचा एक पोरसवदा खलाशी दुकानात आला. उत्तरेकडच्या कुठल्याशा खेड्यातला होता. त्याच्या गावात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता, असे तो हसत हसत सांगत होता. त्याला आईसाठी काजू आणि वेलदोडे न्यायचे होते. काजू होते, शिरसीकडचे चांगले वेलदोडे दुसऱ्या दिवशी यायचे होते. "सेठजी, पैसे ठेवून घ्या, उद्या येऊन पुडा नेतो," असे म्हणून त्याने पाच रुपये गल्ल्यावर ठेवले. बाबांनी दुसऱ्या दिवशी पुडा बांधून ठेवला. पण सकाळी समुद्र रिकामा होता. जहाज रात्रीतच निघून गेले होते. कोणत्या जहाजावरचा, नाव काय, काहीच विचारून घेतलेले नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढून झाल्यावर बाबांनी मागच्या वहीतल्या बाक्या पुढे ओढल्या, त्यांत एक ओळ होती: 'जहाजावरील मुलगा, अनामत, देणे रुपये ५'.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या किनाऱ्याने कधी पाहिले नव्हते असे होते. नोव्हेंबरात अंजदीवच्या बाजूने 'साबरमती' या प्रवासी बोटीवर आणि मासे मारणाऱ्यांवर गोळीबार झाल्याची बातमी आली. डिसेंबरात गोव्याची मोहीम झाली. अंजदीव घेण्याचे काम नौदलाकडे होते. 'म्हैसूर' ही मोठी युद्धनौका आणि 'त्रिशूल' ही फ्रिगेट त्यासाठी आल्या होत्या. 'म्हैसूर' ही आपल्याच राज्याची, असा आमचा ठाम समज होता, आणि तिच्याविषयी आम्ही घरच्या माणसासारखे बोलत असू. ती मुळात 'नायजेरिया' नावाने इंग्रजांकडे होती, दुसऱ्या महायुद्धात लढली होती, आणि १९५७ साली आपल्या नौदलात आली, हे पुष्कळ पुढे वाचले. १८ आणि १९ डिसेंबरला बेटावर उतरलेल्या तुकडीवर गोळीबार झाला. बेट घेतले गेले. सात नौसैनिक कामी आले. मुलांच्या बातमीत विजय असतो, आकडे नसतात. गावात पेढे वाटले गेले. सात हा आकडा आमच्या घरात बाबांनी उच्चारला, तोही एकदाच, दिवा मालवताना.

तो पाच रुपये ठेवणारा मुलगा त्या सातांत होता असे मानायला काही आधार नाही; नव्हता असे मानायलाही नाही. बाबांनी तसा तर्क कधी केला नाही. पण पुढल्या वर्षीच्या वहीपूजनाला त्यांच्यात आणि आजीत जो संवाद झाला तो मला अजून शब्दशः आठवतो.

आजी म्हणाली, "अरे, तो पोरगा आता कुठला येतोय? त्या पैशांचे मारुतीच्या देवळात तेल घाल. त्याच्या नावाने दिवा तरी लागेल."

"नाव कुठे ठाऊक आहे, आई? आणि दिवा मी लावला तर पुण्य माझ्या खात्यात पडायचे. पैसे त्याचे, पुण्य माझे. हा हिशेब कसा जुळेल?"

"मग काय जन्मभर ती ओळ ओढत बसणार आहेस?"

"बाकी आहे तोवर ओढायची."

त्यांनी ती ओढली. दुकान होते तोवर, म्हणजे १९६१ ते १९७७ अशा सतरा वह्यांत, ती ओळ पहिल्या पानावर आहे. या गोष्टीत कोणाला साधेभोळेपणा दिसेल, कोणाला वाण्याचा काटेकोरपणा दिसेल. मला तिच्यात एक नीतितत्त्व दिसते, आणि ते मी ज्या थोर ग्रंथांतून शोधले त्यांत इतक्या थोडक्यात सापडले नाही. ते असे, की देणे हे दान म्हणून चुकवता येत नाही. जे दुसऱ्याचे आहे ते त्यालाच उदार होऊन दिले, तर देणाऱ्याने त्याचे दोनदा घेतले असे होते: एकदा वस्तू, आणि दुसऱ्यांदा तिच्यावरचा हक्क.

आता पुन्हा त्या मुळातल्या प्रश्नाकडे येऊ. समुद्रावर उभे राहून जे आपले रक्षण करतात, त्यांचे आपण काय लागतो?

एक उत्तर असे, की काहीच नाही. सैनिकाला पगार मिळतो, तो आपले काम करतो, व्यवहार संपला. हे उत्तर दिसायला रोखठोक आहे. पण पगार हा कामाचा असतो, आणि जीव ही कामाच्या तासांत बसणारी वस्तू नव्हे. आपल्या जुन्या गावगाड्याला हे समजत होते. गावाची राखण करणारा रामोशी किंवा जागल्या सुगीला धान्याचा वाटा नेई, तो हक्क म्हणून. कोणी त्याला भीक समजत नसे. उलट गावात चोरी झाली तर माग काढण्याची, आणि माग नाही लागला तर भरपाईचीही जबाबदारी त्याच्यावर येई. राखणारा आणि राखला जाणारा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लिहिलेली वही होती. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होते आणि ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण रक्षण ही फुकट मिळणारी वस्तू आहे असा भ्रम तरी तिच्यात नव्हता.

'मी कोणाचा काही लागत नाही' या वृत्तीचा शेवट काय होतो, याची एक कथा आमच्या कारवारातच जन्मली आहे. १८८३ साली रवींद्रनाथ ठाकूर आपले वडील बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे कारवारला येऊन राहिले होते. सत्येंद्रनाथ तेव्हा तिथे न्यायाधीश होते. त्या मुक्कामात तरुण रवींद्रनाथांनी 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक लिहिले. त्यातल्या संन्याशाने जगाशी असलेले सगळे धागे तोडले आहेत, आणि आपण कोणाचे ऋणी नाही याचा त्याला आनंद आहे. एक अनाथ मुलगी त्याच्या आश्रयाला येते. तो तिलाही सोडून जातो, आणि मन पालटून परत येतो तेव्हा ती राहिलेली नसते. कारवारच्या पुळणीला आज रवींद्रनाथांचे नाव आहे. तिथे संध्याकाळी फिरणाऱ्या माणसाने हे नाटक आठवावे असे मला वाटते. ऋण नाकारल्याने माणूस मोकळा होत नाही, त्याची फेडण्याची संधी तेवढी जाते.

दुसरे उत्तर नेमके उलट टोकाचे आहे: रक्षण करणाऱ्याचे आपण सर्वस्व लागतो, तेव्हा त्याच्यासाठी जे मागितले जाईल ते निमूटपणे द्यावे. हे उत्तर ऐकायला उदात्त आहे आणि सभेत टाळ्या घेते. पण 'द्यावे' म्हणताना कोणी द्यावे, हा प्रश्न त्यात गिळलेला असतो. कारवारला तो गिळता आला नाही.

जहाजे आमच्याकडे पाहुणी म्हणून येत होती. पुढे ती राहायला आली. त्याची कारणे खोटी नव्हती. मुंबईचे बंदर व्यापारी जहाजांनी गजबजलेले, नौदलाला तिथे हातपाय पसरायला जागा नाही. आणि कारवारच्या दक्षिणेला खोल पाणी, पाठीशी डोंगर, समोर बेटांचा आडोसा. १९८६ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते 'सी-बर्ड' या प्रकल्पाची कोनशिला बसली. ३१ मे २००५ रोजी 'आयएनएस कदंब' हा तळ नौदलात दाखल झाला. 'विक्रमादित्य' ही विमानवाहू नौका २०१४ साली तिथेच आली. आमच्या लहानपणी जे अंजदीव होडीवाचून गाठता येत नसे, ते आता दगडी बांधाने किनाऱ्याला जोडले गेले आहे.

या कामासाठी बिणगा, अरगा, चेंडिया या पट्ट्यातली जमीन आणि किनारा घेतला गेला. हजारो कुटुंबे उठली. त्यांत भातशेती करणारे होते आणि मासे मारणारेही होते. शेतकऱ्याला दुसरीकडे जमीन दाखवता येते. खारव्याला दुसरा समुद्र कुठून दाखवणार? मोबदल्याचे दावे वर्षानुवर्षे चालले, आणि ज्यांच्या नावाने ते सुरू झाले त्यांतले कित्येक निकालापूर्वीच गेले. अंजदीवावर ब्रोताश मातेचे जुने चर्च आहे. तिच्या फेब्रुवारीतल्या फेस्ताला गोव्याचे आणि कारवारचे भाविक होड्यांतून जात असत. बेट नौदलाच्या ताब्यात गेल्यावर ती यात्राही थांबली.

कोणी म्हणेल, मग काय तळ उभारायचा नव्हता? तसे मी म्हणत नाही. ज्या देशाला एवढा किनारा आहे आणि ज्याच्या बोटींवर त्याच किनाऱ्यावरून गोळ्या झाडल्या गेल्या आहेत, त्याला नौदल हवे आणि नौदलाला घर हवे. पण गरज ही घेण्याचा अधिकार देते. फुकट घेण्याचा देत नाही, आणि घेतलेले विसरण्याचा तर मुळीच देत नाही. तळ आवश्यक होता एवढे सिद्ध केल्याने देणे सिद्ध होते, फिटत नाही.

इथे 'त्याग' हा शब्द पुढे केला जातो. सात नौसैनिकांनी त्याग केला, गावकऱ्यांनीही त्याग केला, असे एका वाक्यात म्हणण्याची पद्धत आहे. हे वाक्य मला खटकते. नौसैनिकाने त्या वाटेने जायचे आपण होऊन पत्करले होते. आपल्या जिवाचे काय होऊ शकेल हे त्याला ठाऊक होते, आणि म्हणून त्याग हा शब्द त्याला शोभतो. गावकऱ्याला विचारले गेले नव्हते. त्याला कळवले गेले. जे मागून नव्हे तर मोजणी करून नेले, त्याला नेणाऱ्याने त्याग म्हणावे, हे सोयीचे आहे, खरे नाही. त्याग हा शब्द देणाऱ्याच्या तोंडचा आहे. घेणाऱ्याच्या तोंडी त्याच गोष्टीला एकच शब्द प्रामाणिक आहे, तो म्हणजे देणे. म्हणूनच विस्थापितांना जे मिळते त्याला 'मदत' किंवा 'साहाय्य' म्हटलेले ऐकले की मला बाबांची वही आठवते. पैसे त्यांचे, पुण्य आपले. हा हिशेब कसा जुळेल?

आपल्या परंपरेने या बाबतीत शब्द फार जपून वापरला आहे. माणूस जन्मतःच देवांचा, ऋषींचा आणि पितरांचा ऋणी असतो असे तिने सांगितले. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यांचे ऋणही धरले. देवांपासून माणसांपर्यंत सगळीकडे शब्द ऋण हाच आहे. पितरांवर कोणी उपकार करत नाही; त्यांचे जे आहे ते पोचवायचे असते. मग ज्यांच्या भाताच्या खाचरांवर आपली सुरक्षितता उभी आहे, त्यांच्याच बाबतीत आपण अचानक दाते कसे होतो?

हा प्रश्न जहाजांपुरता नाही. दिवाळीत आपण पोस्त देतो. पोस्टमन, झाडूवाली, रात्रभर शिटी वाजवत फिरणारा गुरखा दारात येतो, आपण पाकीट पुढे करतो आणि मनातल्या मनात थोडे उंच होतो. त्या पाकिटातले किती आपण दिलेले आणि किती वर्षभर थकवलेले, हे कधीतरी मोजून पाहावे. घरातही पाहावे. धाकट्यांची फी भरली जावी म्हणून जिची शाळा सातवीत सुटली, अशी एखादी थोरली बहीण पुष्कळ घरांत असते. भाऊबिजेला तिच्या ताटात ओवाळणी पडते आणि भाऊ दाता ठरतो. ओवाळणी जरूर घालावी. प्रेमाच्या रीती हिशेबासाठी मोडू नयेत. पण घालताना मनात कोणते खाते उघडले आहे, याने देणाऱ्याची मान सरळ राहते की ताठ होते, हे ठरते.

बाबांची पाच रुपयांची बाकी कधीच फिटली नाही, फिटण्याजोगी नव्हतीही. सात नौसैनिकांचे देणे तर कोणत्याच नाण्यात फिटणारे नाही. न फिटणाऱ्या देण्याचे काय करायचे, याला मला एकच उत्तर ठाऊक आहे: ते खोडायचे नाही, दानात घालायचे नाही, नव्या वहीत स्वच्छ अक्षरात पुढे ओढायचे. आणि जे फिटण्यासारखे आहे, म्हणजे उठलेल्या गावांचे, ते मात्र ओढत बसायचे नाही. धनी जिवंत आहेत तोवर त्यांच्या हाती द्यायचे. न फिटणाऱ्या ऋणाचे सोहळे करायचे आणि फिटणाऱ्याला तारखा द्यायच्या, असा उलटा कारभार आपल्याकडे पुष्कळ चालतो.

जहाजे मला आजही आवडतात. सत्तरी ओलांडली तरी क्षितिजावर तो राखाडी आकार दिसला की मी थांबतो आणि नकळत तोफा मोजू लागतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. देखण्या गोष्टीचे कौतुक करावे. फक्त मोजणी तोफांपाशी संपू नये. पुढेही मोजावे: सात माणसे, अरग्याची घरे, चेंडियाची खाचरे, आणि जे खारवी पहाटे सर्वांआधी जहाज पाहून गावाला बातमी देत, त्यांची पुळण. एवढे मोजून झाल्यावर उरते ते कौतुक मोठ्या माणसाला शोभणारे असते.